उपकार कसले?

२००६ च्या पावसाळ्यात माझी आत्या न्हाणीघरात घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेआधी रक्त चढवायला हवं होतं. तिच्या सगळ्या कागदांवर वर्षानुवर्षं ‘ओ पॉझिटिव्ह’ लिहिलेलं, त्यामुळे त्याची काळजी कोणालाच नव्हती. घरात आम्ही चौघं जण ओ गटाचे. पण रक्तपेढीत जुळवून पाहिलेली एकेक पिशवी नापास होत गेली. रात्री साडेनऊच्या सुमारास तंत्रज्ञ बाहेर आला आणि म्हणाला, “आत्यांचा गट ओ नाहीच. बॉम्बे आहे.”

तोवर हे नाव मी ऐकलंही नव्हतं. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत हा गट पहिल्यांदा ओळखला, ‘लॅन्सेट’मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली आणि शहराचं नाव त्याला चिकटलं. आपल्या तांबड्या पेशींवर ‘एच’ नावाचा एक घटक असतो. ए आणि बी हे घटक त्याच्यावरच रचले जातात; ओ गटात नुसता एच असतो. बॉम्बे गटाच्या माणसात हा पायाच नसतो. नेहमीच्या तपासणीत ए सापडत नाही, बी सापडत नाही, म्हणून तो ओ म्हणून खपून जातो. पण ओ गटाचं रक्त त्याच्या अंगात गेलं तर शरीर त्या पेशी परक्या समजून फोडून टाकतं. त्याला चालतं ते फक्त दुसऱ्या बॉम्बे गटाच्या माणसाचं रक्त. भारतात अशी माणसं साधारण १० हजारांत एक, युरोपात १० लाखांत एक.

रक्तपेढीतल्या वहीत पाच-सहा नावं निघाली. त्यातला एक जण सांगलीत हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहायचा. रात्री अकराच्या आत त्याला फोन गेला. सकाळी सहाला तो एसटीतून स्वारगेटला उतरला. हल्ली दात्याच्या गावातच रक्त काढून बर्फाच्या पेटीतून पाठवतात. तेव्हा तो स्वतः आला. रक्त दिलं, दहा मिनिटं आडवा पडला, चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली. गाडीभाडं देऊ केलं ते घेतलं नाही. मी रडत काहीतरी बोलले असेन, कारण तो अवघडून म्हणाला, “ताई, उपकार कसले? आम्ही मोजकेच लोक. आज मी आलो नाही तर उद्या मला लागल्यावर कोण येणार? आमचा स्वार्थच आहे हा.”

त्या क्षणी मला ते पटलं. तो गेल्यावर मग ध्यानात आलं की आत्या एकसष्ट वर्षांची आहे, तिचं हिमोग्लोबिन सातच्या खाली आहे. ती त्याला काय, कोणालाच कधी रक्त देऊ शकणार नव्हती, आणि इतकी वर्षं रक्त देत आलेल्या माणसाला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब जुळवणाऱ्या माणसानं सांगितलेला स्वतःचा हिशेब जुळत नव्हता. त्याचं कारण त्याच्या कृतीला अपुरं पडत होतं.

कारणाबाहेर सांडलेल्या त्या उरलेल्या भागाविषयी हे पुस्तक आहे. पुढच्या पानांत रक्तदाते आहेत, देहदानाचा अर्ज भरून तो देवघरात ठेवणारी एक आजी आहे, पुराच्या पाण्यात होडी घालणारा माणूस आहे, आणि या सगळ्यांकडे जीवशास्त्राच्या, मानसशास्त्राच्या, नीतिविचाराच्या बाजूनं पाहणारे अभ्यासक आहेत. खरा परोपकार माणसाला शक्य आहे का, हा सगळ्यांचा समान प्रश्न. संपादकांनी मला प्रस्तावनेत तो प्रश्न उलगडून मांडायला सांगितला. माझं स्वतःचं उत्तर लपवून ते मला जमणार नाही. माझ्या मते खरा परोपकार शक्य आहे. आपण त्याला शुद्धतेची जी अट घालतो ती मात्र चुकीची आहे, आणि त्या अटीच्या मागे लागल्यामुळे दुसरी एक फार महत्त्वाची गोष्ट आपल्या नजरेतून निसटते.

आधी आपल्या शब्दांकडे पाहू. मराठीत ‘स्वार्थ’ म्हटलं की जोडीला कोणता शब्द येतो? ‘परार्थ’ हा शब्द आपल्याकडे आहे, पण तो पुस्तकात राहतो. बोलण्यात येतो तो ‘परमार्थ’. स्वार्थातून परमार्थ साधला, असं आपण सहज म्हणतो. म्हणजे आपल्या भाषेत स्वार्थाच्या समोर उभा आहे तो परका माणूस नव्हेच. तिथे सर्वांत वरचं, सर्वांत अंतिम असं काही उभं आहे. याउलट फ्रेंच विचारवंत ऑग्यूस्त कोंतनं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ‘अल्ट्रुइझम’ हा शब्द घडवला तो ‘दुसरा’ या अर्थाच्या शब्दापासून. त्यानं सगळं वजन त्या दुसऱ्यावर टाकलं. आणि आपला ‘उपकार’? तो तर कर्जाच्या वहीतला शब्द असावा तसा वागतो. उपकाराचं ओझं होतं, उपकार फेडावे लागतात, उपकाराची जाणीव ठेवावी लागते, आणि ज्यानं ती ठेवली नाही तो कृतघ्न. सांगलीचा तो माणूस ‘उपकार कसले’ म्हणाला, तेव्हा तो माझ्या डोक्यावरचं हे कर्ज उतरवत होता, असं मला आता वाटतं. स्वतःला स्वार्थी म्हणवून घेऊन त्यानं मला मोकळं केलं. त्याच्या वाक्याकडे कबुलीजबाब म्हणून पाहणं हीच मुळात चूक होती.

ही लकब आपल्यापुरतीच नाही. अमेरिकेत फिरून आलेल्या तोकव्हिल या फ्रेंच लेखकानं १८४० मध्ये लिहिलं की तिथले लोक आपल्या चांगल्या कृत्यांचंही स्पष्टीकरण स्वतःच्या फायद्यात शोधतात, आणि असं करताना बऱ्याचदा स्वतःवर अन्याय करतात. माणसं स्वतःच्या हेतूंविषयी जे सांगतात त्यात शालीनता असते, संकोच असतो, समोरच्याला ओझं होऊ नये ही काळजी असते. ते सगळं बाजूला सारून ‘पाहा, तोच म्हणतो स्वार्थ आहे’ असं म्हणणं बरोबर नाही.

तरीही संशयवाद्याचा मुद्दा हलका नाही. तो म्हणतो: देणाऱ्याला देऊन बरं वाटतं. नसतं वाटलं तर त्यानं दिलं नसतं. म्हणजे शेवटी तो स्वतःच्या बरं वाटण्यासाठीच देतो. इंग्लंडात सतराव्या शतकात टॉमस हॉब्सनं हीच भूमिका घेतली. जॉन ऑब्रीनं त्याची एक हकिगत लिहून ठेवली आहे. हॉब्सनं रस्त्यावर एका जर्जर म्हाताऱ्याला भीक घातली. बरोबरच्या धर्मोपदेशकानं विचारलं की ख्रिस्ताची आज्ञा नसती तर तू हे केलं असतंस का? हॉब्स म्हणाला, केलं असतं, कारण त्या म्हाताऱ्याचं दुःख बघून मला यातना होत होत्या, आणि भीक घातल्यानं त्याच्याबरोबर मलाही आराम पडला.

आपल्याकडे याहून कितीतरी जुनं एक वचन आहे. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य घर सोडून निघाले असताना मैत्रेयीला सांगतात की नवरा प्रिय असतो तो नवऱ्यासाठी नाही, बायको, मुलं, धन, कोणीच त्यांच्यासाठी प्रिय नसतं. सगळं प्रिय असतं ते आत्म्यासाठी. वरवर ऐकलं तर हा हॉब्सच बोलतो आहे. लोकमान्य टिळकांनी १९१० च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहायला घेतलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ‘आधिभौतिक सुखवाद’ या प्रकरणात या दोघांना समोरासमोर आणलं आहे. निव्वळ स्वार्थ, दूरदृष्टीचा स्वार्थ, स्वार्थ-परार्थाची सांगड, पुष्कळांचं पुष्कळ सुख अशा पायऱ्या चढत ते जातात, आणि याज्ञवल्क्यांचा ‘आत्मा’ हा हॉब्सचा ‘मी’ नव्हे हे दाखवतात. मराठी वाचकाला या प्रश्नात शिरायला याच्याइतकं भक्कम दार मला दुसरं माहीत नाही. गीतारहस्य कपाटात असतं, वाचलेलं नसतं; या एका प्रकरणासाठी तरी ते खाली काढावं.

हॉब्सला सर्वांत सरळ उत्तर दिलं ते जोसेफ बटलर या इंग्रज धर्मोपदेशकानं, १७२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवचनांतून. त्याचा युक्तिवाद मी आपल्या उदाहरणानं सांगते. पाणी प्यायल्यावर बरं वाटतं, पण त्या बरं वाटण्यासाठी तहान लागत नाही. तहान आधी असते, म्हणून पाणी मिळाल्यावर बरं वाटतं. तसंच, त्या म्हाताऱ्याचं दुःख कमी व्हावं असं हॉब्सला आधीच वाटत नसतं, तर ते कमी झाल्यावर त्याला आराम कशाचा पडला असता? रस्त्यावरच्या दगडावर पाऊस पडून थांबला तर आपल्याला हायसं वाटत नाही. समाधान हे पाठोपाठ येतं. ते ज्या इच्छेच्या पाठोपाठ येतं, ती इच्छा दुसऱ्याविषयीची होती. संशयवादी परिणामाला हेतू समजतो.

भर्तृहरीच्या नीतिशतकात माणसांची एक विभागणी आहे. वामन पंडितांमुळे ती मराठीत कधीच येऊन रुजली. स्वतःचं सोडून दुसऱ्याचं हित पाहणारे पहिले. स्वतःचं न बिघडवता दुसऱ्याचं करणारे दुसरे. स्वतःसाठी दुसऱ्याचं बिघडवणारे तिसरे. आणि कशासाठीही नव्हे, उगाचच दुसऱ्याचं वाटोळं करणारे चौथे. त्यांना काय म्हणावं ते भर्तृहरीला कळत नाही. या चौथ्या वर्गाबद्दल आपल्यापैकी कोणालाच शंका नसते. बांधावरच्या वादातून स्वतःचंही पीक बुडालं तरी चालेल पण शेजाऱ्याचं बुडालं पाहिजे, अशी माणसं प्रत्येक गावानं पाहिलेली आहेत. निर्हेतुक दुष्टावा आपण विनातक्रार मान्य करतो. मग निर्हेतुक चांगुलपणापाशी आल्यावरच पुरावे का मागतो?

इथवर तर्काचं झालं. विसाव्या शतकात या प्रश्नानं वेगळंच वळण घेतलं, आणि त्या वळणावर जी माणसं उभी होती त्यांची गोष्ट मला तर्काहून मोठी वाटते.

जे. बी. एस. हाल्डेन हे ब्रिटनमधले मोठे जनुकशास्त्रज्ञ १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ च्या १ डिसेंबरला भुवनेश्वरला वारले. एका भावासाठी जीव द्याल का, असं विचारल्यावर ते म्हणाले होते म्हणतात की एकासाठी नाही, पण दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलत भावांसाठी देईन. हे गणित आहे. सख्ख्या भावात आपली निम्मी जनुकं असतात, चुलत भावात एक अष्टमांश. दोन भाऊ वाचले तर जनुकांच्या हिशेबात आपण स्वतः वाचल्यासारखंच. ज्या साली हाल्डेन गेले त्याच १९६४ मध्ये विल्यम हॅमिल्टन या तरुण संशोधकानं हा विचार पूर्ण गणितात बसवला. नात्याच्या प्रमाणात मोजलेला दुसऱ्याचा फायदा जर स्वतःच्या तोट्याहून जास्त असेल, तर त्याग करायला लावणारं जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून पसरेल. स्वतः प्रजा न वाढवता राणीच्या पिल्लांसाठी राबणारी, डंख मारून मरणारी मधमाशी डार्विनला कोड्यात टाकत होती. ते कोडं आता सुटलं. १९७१ मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्सनं बिननात्याच्या मदतीचाही हिशेब मांडला: आज मी, उद्या तू. सांगलीकराचं वाक्य तेच.

या गणितानं पुष्कळांना नाउमेद केलं. आईची माया म्हणजे जनुकांचा धंदा, मैत्री म्हणजे उधारी, असं म्हणायची एक फॅशनच आली. पण हाल्डेनचा १९५५ मधला एक लेख आहे. बुडणाऱ्या मुलाला वाचवायला उडी मारण्याचा हिशेब त्यात ते जनुकांच्या भाषेत मांडतात, आणि मग लिहितात की स्वतः दोनदा त्यांनी बुडत असावीत अशा माणसांना पाण्यातून ओढून काढलं, तेव्हा असली गणितं करायला त्यांना वेळ नव्हता. मला हे वाक्य त्या सगळ्या साहित्यात सर्वांत प्रामाणिक वाटतं. एखादी वृत्ती आपल्यात का आली, हा एक प्रश्न. ती वृत्ती आता काय मागते, हा दुसरा. भूक शरीर टिकावं म्हणून आली असेल, पण ताटातल्या पुरणपोळीची ओढ ही पुरणपोळीचीच असते. माया कशीही जन्माला आली असो, आईला हवं असतं ते मुलाचं भलं; तिच्या मनात जनुकं नसतात आणि जनुकांना मन नसतं. हाल्डेननी तर आपला देह मृत्यूनंतर काकीनाड्याच्या रंगराया वैद्यकीय महाविद्यालयाला देऊन टाकला. तिथे शिकणारी मुलं ना त्यांच्या रक्ताची, ना त्यांच्या मायदेशात जन्मलेली.

जॉर्ज प्राइसची कहाणी अशी सुखानं सांगता येत नाही. हा अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ १९६७ मध्ये लंडनला आला. हॅमिल्टनच्या निबंधानं तो हादरला, स्वतःच्या बळावर जनुकशास्त्राचं गणित शिकला, आणि निवडीची प्रक्रिया एका ओळीत पकडणारं एक समीकरण त्यानं १९७० मध्ये प्रसिद्ध केलं. आजही ते त्याच्या नावानं शिकवलं जातं. त्याच वर्षी तो अत्यंत श्रद्धाळू ख्रिस्ती झाला. पुढची काही वर्षं त्यानं लंडनमधल्या बेघर, व्यसनात बुडालेल्या माणसांना घरात घेतलं, पैसे दिले, कपडे दिले, स्वतःकडे काही उरेनासं होईपर्यंत देत राहिला, आणि मग स्वतःच बेवारस इमारतीत राहू लागला. १९७५ च्या जानेवारीत त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. त्याला निरोप द्यायला हॅमिल्टन आणि जॉन मेनार्ड स्मिथ हे दोन थोर शास्त्रज्ञ होते, आणि ज्यांना त्यानं आधार दिला त्यांपैकी काही जण. स्वार्थाचं समीकरण खोटं ठरवायला निघालेला माणूस त्या समीकरणानंच मेला, अशी ही गोष्ट रंगवून सांगितली जाते. ती तशी सांगू नये. तो माणूस आजारी होता, खचलेला होता, आणि त्याच्याकडे लक्ष द्यायला त्या वेळी कोणी नव्हतं. जो अखंड देत असतो त्याला विचारणारं कोणी आहे का, हा प्रश्न या पुस्तकातल्या परिचारिकेच्या लेखात पुन्हा भेटेल. तो लेख मी दोनदा वाचला.

आता प्रयोगशाळेत येऊ. कॅन्सस विद्यापीठातल्या डॅनियल बॅटसननं १९८१ मध्ये विद्यार्थ्यांना पडद्यावर एलेन नावाची एक मुलगी विजेचे झटके सोसताना दाखवली. (झटके खोटे होते, बघणाऱ्यांना ते माहीत नव्हतं.) काहींना सांगितलं होतं की थोडं पाहून तुम्ही निघून जाऊ शकता, काहींना शेवटपर्यंत पाहणं भाग होतं. मग विचारलं, तिच्या जागी तुम्ही बसाल का? हॉब्सचं म्हणणं खरं असेल तर उठून जाण्याची सोय असलेला माणूस उठून जाईल, कारण त्याला स्वतःच्या यातना थांबवायच्या आहेत आणि दार उघडं आहे. ज्यांना एलेनविषयी फारसं काही वाटलं नव्हतं, ते तसे गेलेही. ज्यांचा जीव तिच्यासाठी कळवळला होता, त्यांच्यातले बहुतेक दार उघडं असूनही तिच्या जागी बसायला तयार झाले.

बॅटसनचा आणखी एक प्रयोग मला अधिक जवळचा आहे. १९८८ मध्ये त्यानं विचार केला: माणूस मदत करतो ती ‘मी मदत केली’ या समाधानासाठी असेल, तर दुसऱ्या कोणी आधीच मदत करून टाकल्यावर तो हिरमुसेल. त्यानं तशी परिस्थिती निर्माण केली. कळवळा वाटलेली माणसं हिरमुसली नाहीत. गरजू माणसाचं काम झालं, आपल्या हातून किंवा दुसऱ्याच्या, त्यांना सारखंच बरं वाटलं. माणसाची नजर स्वतःवर आहे की दुसऱ्यावर, हे ओळखण्याची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

अर्थात वाद तिथे संपला नाही. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये नवा आक्षेप घेतला. ज्याच्यासाठी आपला जीव कळवळतो त्याच्यात आपण स्वतःला पाहायला लागतो. तो आणि मी यांच्यातली रेषा पुसट होते. मग त्याला केलेली मदत ही स्वतःलाच केलेली मदत. परोपकारातला ‘पर’च नाहीसा झाला, तर परोपकार उरला कुठे?

हे वाचताना मला पैठणचे एकनाथ आठवले, आणि कोणत्याही मराठी माणसाला आठवले असते. काशीहून गंगेची कावड रामेश्वराला नेत असताना वाळवंटात तहानेनं तडफडणारं गाढव त्यांना दिसलं आणि सगळी कावड त्यांनी त्याच्या तोंडात रिकामी केली. परंपरा म्हणते, नाथांना त्या गाढवात देव दिसला, वेगळेपण उरलं नाही. म्हणजे चाल्डिनीचा आक्षेप आपल्याकडे कौतुक म्हणून सांगितला जातो! पण गोष्ट पुन्हा ऐका. नाथांनी पाणी गाढवाच्या घशात ओतलं, स्वतःच्या नाही. कोरडा पडलेला घसा कोणाचा, हे त्यांना नेमकं कळलं होतं. एकत्व म्हणजे स्वतःचा विस्तार असता, तर बरोबर चालून दमलेल्या स्वतःच्या घशालाही त्या पाण्यावर तेवढाच हक्क होता. दुसऱ्याला आपल्यासारखं मानणं आणि दुसरा हा दुसराच आहे हे ओळखणं, दोन्ही एका वेळी घडतं. याज्ञवल्क्यांचं वचनही मी याच अर्थानं घेते.

बाबा आमट्यांचं उदाहरण संशयवादी नेहमी देतात, कारण त्यांनी स्वतःच ते हातात दिलं आहे. वरोऱ्यात मैला वाहणाऱ्या सफाई कामगारांबरोबर काम करताना त्यांना भर पावसात तुळशीराम नावाचा शेवटच्या अवस्थेतला कुष्ठरोगी पडलेला दिसला. तोवर कशालाच न घाबरलेले बाबा त्या रात्री घाबरून पळाले. मग परत गेले, त्याची शुश्रूषा केली, आणि पुढे आनंदवन उभं राहिलं. बाबा सांगायचे की मी हे काम कोणाला मदत करायला घेतलं नाही, माझी भीती घालवायला घेतलं. इतरांचं भलं झालं ते ओघानं. हे त्यांचं म्हणणं मी पूर्ण खरं मानते. पण भीती किती दिवसांत जाते? वर्षभरात, पाच वर्षांत? ते राहिले २००८ मध्ये जाईपर्यंत. दारातून आत येण्याचं कारण वेगळं असू शकतं आणि घरात राहण्याचं वेगळं. हेतू हा जन्मखुणेसारखा एकदाच उमटत नाही. तो हाताखालच्या कामानं बदलत जातो. पुण्यासाठी सुरू केलेलं अन्नदान, नेत्याच्या वाढदिवसाच्या शिबिरात मित्रांच्या आग्रहानं दिलेलं पहिलं रक्त, यांना मी म्हणूनच नाक मुरडत नाही. विचारायचं ते दुसऱ्या, दहाव्या, पन्नासाव्या वेळेबद्दल.

आणि बाबांच्या पत्नी साधनाताई? त्या भीती घालवायला गेल्या नव्हत्या. त्यांचा हेतू शुद्ध होता का, असा प्रश्न कोणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. बाईनं दिलं तर तो परोपकार आहे की नाही हा वाद होत नाही, कारण ते गृहीतच धरलेलं असतं. आता मी सुरुवातीला म्हटलेल्या निसटणाऱ्या गोष्टीकडे येते. स्वार्थाचा कण शोधण्यात आपण इतके गुंततो की सक्ती आपल्याला दिसत नाही. भारतात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायका बहुसंख्य आहेत आणि घेणाऱ्यांत पुरुष. १९९४ चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा जवळच्या नात्याबाहेरच्या दात्याला समितीसमोर उभं करतो: रुग्णाबद्दल तुला खरोखर जिव्हाळा आहे की यात पैसा आहे? गरिबाचं मूत्रपिंड विकत घेतलं जाऊ नये म्हणून ही चौकशी हवीच. पण बायको देते, आई देते, बहीण देते तेव्हा जिव्हाळा कागदावरच सिद्ध झालेला असतो. तिला नाही म्हणता आलं असतं का? म्हटलं असतं तर त्या घरात तिचं काय झालं असतं? पैशाच्या लोभापासून जपणारा कायदा मायेच्या धाकापासून जपायला तोकडा पडतो. या संग्रहात एका बाईनं मूत्रपिंड दिल्याची हकिगत स्वतः लिहिली आहे. तिनं ते आनंदानं दिलं, असं ती म्हणते, आणि माझा तिच्यावर विश्वास आहे. पण निर्णय तिच्याआधी घरातल्या बैठकीत झाला होता, हेही तिनंच लिहिलं आहे. खऱ्या परोपकाराला एक अट घालायचीच असेल तर मी मोकळेपणाची घालीन. हातात ‘नाही’ असताना म्हटलेलं ‘हो’. हेतूत थोडं समाधान, थोडं पुण्य, थोडा अभिमान मिसळला असेल तर मिसळू दे.

पैशाबद्दलही बोलायला हवं, थोडक्यात. रिचर्ड टिटमसनं १९७० मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतल्या रक्ताची तुलना करून दाखवलं की विकत घेतलेल्या रक्तात दोष जास्त येतात आणि देण्याची वृत्तीही खालावते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून रक्त विकण्यावर बंदी आली. तेव्हापासून या देशातली रक्ताची प्रत्येक कायदेशीर पिशवी कोणीतरी दिलेली आहे. मे महिन्यात महाविद्यालयं बंद झाली की रक्तपेढ्या कोरड्या पडतात, ही दरवर्षीची ओरड असते. आणि दरवर्षी कोणीतरी उन्हातून येऊन बाही वर करतं. परोपकार शक्य आहे का, हा प्रश्न पुस्तकात जितका अवघड आहे तितका त्या खुर्चीत बसलेल्याला नसतो.

त्या पावसाळ्यानंतर मी दुर्मीळ गटांच्या दात्यांची एक वही ठेवू लागले. फोन करणं एवढंच माझं काम. त्यात एक अवघड फोन असतो तो दुसरा: या म्हणून सांगितल्यावर थोड्या वेळानं करायचा, की सोय झाली, आता नको. बॅटसनचा प्रयोग मी वाचला तो फार नंतर, पण त्याची कसोटी मला या दुसऱ्या फोनवर कितीदा तरी ऐकू आलेली आहे. काही जण जरा थांबतात, मग ‘बरं’ म्हणतात. त्या थांबण्यात काय असतं ते मी विचारत नाही.

२०१९ च्या जानेवारीत पुण्यातल्या एका बाळंतिणीला बॉम्बे गटाचं रक्त तातडीनं हवं होतं. सांगलीत त्या रात्री रक्त काढून पाठवण्याची सोय होईना, म्हणून ते गृहस्थ पुन्हा एसटीत बसले. आता त्यांचं वय पन्नाशीच्या पुढे होतं. गाडी कराडला पोचत असताना मला निरोप आला की पुण्यातलाच एक मुलगा सापडला, तो रक्तपेढीत येऊन बसलाय, त्याची सगळी तपासणी झालीय. मी त्यांना फोन लावला. रात्रीचा एक वाजून गेला होता, थंडी होती, परतीची गाडी पहाटेशिवाय नव्हती. मी चाचरत सांगितलं.

“झालं ना काम? छान झालं,” ते म्हणाले. मागे स्टँडवरचा कंडक्टर ओरडत होता. मग त्यांनी विचारलं, “पोरगं पहिल्यांदाच देतंय का? त्याला म्हणावं, सुईकडं बघू नको. आणि उपाशीपोटी बसवू नका हं त्याला.”

सकाळी अकराला त्यांचा पुन्हा फोन आला. बाळंतीण कशी आहे, आणि मुलगा झाला की मुलगी.